'ट्रिप द लाइट फँटॅस्टिक'

हा जुना इंग्रजी वाक्प्रचार वाचतांना आमचे विद्यार्थी 'ट्रिप' म्हणजे 'अडखळणें' असें समजतात व सारें वाक्यच लंगडें होतें. वस्तुतः अर्थ आहे 'नाचणें'. जॉन मिल्टनच्या १६४५ सालीं छापलेल्या 'लालेग्रो' काव्यांत 'ट्रिप' म्हणजे हलक्या पावलांनीं थिरकणें. 'लाइट' व 'फँटॅस्टिक', म्हणजे हलकें व लहरी, हीं नाचणाऱ्याच्या पायाच्या बोटाचीं विशेषणें आहेत. पुढें लोकांच्या बोलण्यांत 'बोट' गळालें, विशेषणें तेवढीं उरलीं, आणि गंभीर कवीचे शब्द थट्टेचे झाले. १८९४ च्या 'द साइडवॉक्स ऑफ न्यूयॉर्क' या गीतांत ते असेच बोटावांचून आले आहेत. आपणहि 'पाचवीला पुजलेलें' म्हणतों. ही पाचवी बाळाच्या जन्मानंतरची, हें कोणी उच्चारीत नाहीं. म्हणून अर्थ लागेना, तेव्हां गळालेला शब्द आधीं शोधावा, असें आम्ही सुचवितों.