वडिलोपार्जित बंदुकीचे लाकूड व जवसाचे तेल

शेताच्या राखणीसाठी घेतलेली बंदूक पुष्कळ घरांत दोन-तीन पिढ्या चालत आलेली असते. नळीची निगा बहुतेक मालक राखतात, कारण गंज डोळ्यांस दिसतो. दस्त्याच्या लाकडाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. आणि पाहिलेच तर सुताराकडून काचकागद मारून वर चकचकीत व्हार्निश चढविले जाते. बंदूक नवी झाली असे मालकास वाटते. परंतु एकदा घासून गेलेले लाकूड पुन्हा येत नाही. मूळ झिलई परत आणणे म्हणजे नवे काही चढविणे नव्हे. मागाहून चढलेले तेवढे काढावयाचे आणि लाकडास त्याचे मूळचे तेल पुन्हा द्यावयाचे. हे तेल आपल्याच शेतात पिकणाऱ्या जवसाचे आहे, म्हणून हा विषय शेतकरी बंधूंपुढे मांडीत आहे.

या कामी उत्तम नमुना लष्करी रायफलीचा. ब्रिटिश फौजेने १९०७ साली स्वीकारलेली व पुढे बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यातही तयार झालेली .३०३ बोअरची ली-एनफिल्ड रायफल घ्यावी. तिचा दस्ता मूळचा अक्रोडाच्या लाकडाचा. दुसऱ्या महायुद्धात अक्रोड अपुरा पडल्यावर इंग्लंडात बीच व बर्च ही लाकडेही चालविली गेली. लाकूड कोणतेही असो, त्यावर व्हार्निश नसे. ते जवसाच्या कच्च्या तेलात मुरवीत आणि पुढे शिपाई तेच तेल हाताने चोळून त्याची निगा राखीत. १९४५ नंतर अशा रायफली शिलकी लष्करी माल म्हणून इंग्लंड, कॅनडा, अमेरिका येथे विकल्या गेल्या व तेथील पुष्कळ घरांत वारशाने चालत आल्या. आपल्याकडे हा बोअर प्रतिबंधित असल्याने सामान्य परवान्यावर ती रायफल ठेवता येत नाही. परंतु तिच्या लाकडाची रीत आपल्या ठासणीच्या व बारा बोअरच्या बंदुकांच्या तेलपाजल्या दस्त्यांसही लागू पडते.

जवसाचेच तेल का, असा प्रश्न साहजिक आहे. भुईमुगाचे किंवा खोबऱ्याचे तेल लाकडावर कितीही दिवस राहिले तरी चिकट ओलेच राहते व धूळ धरते. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घेऊन घट्ट होते. पाण्याप्रमाणे ते उडून जात नाही. उलट सुकताना त्याचे वजन वाढते. लाकडाच्या रंध्रांत शिरलेले तेल तेथेच घट्ट होऊन बसते. घाण्याचे कच्चे तेल सुकण्यास बरेच दिवस घेते. रंगाच्या दुकानी ‘डबल बॉइल’ या नावाने मिळणारे तेल धातूंचे क्षार घातलेले असल्याने लवकर सुकते. मात्र ते खाण्याच्या उपयोगाचे नव्हे, म्हणून त्याची बाटली स्वयंपाकघरात ठेवू नये.

कामास हात घालण्यापूर्वी बंदूक रिकामी असल्याची स्वतः खात्री करावी व काडतुसे, दारू दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावी. मग आतापर्यंत लाकडावर काय चढले आहे ते ओळखावे. दस्त्याच्या न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब लावावा. तेथील थर मऊ होऊन बोटास चिकटू लागला तर ते लाखेचे पॉलिश समजावे. पुष्कळ चांगल्या बंदुकांस ते मुळातच केलेले असते, म्हणून ते काढण्याआधी जाणत्या कारागिराचे मत घ्यावे. नुसता मळ व जुने तेल असेल तर टर्पेंटाइनमध्ये भिजविलेल्या जाड फडक्याने हलके पुसल्यास पुष्कळसे निघून येते. काळे पडलेल्या तेलकट जागी खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून लेप द्यावा व वाळल्यावर झटकून टाकावा. आतले तेल लेपात ओढले जाते. ही दोन्ही द्रव्ये झटकन पेट घेतात, म्हणून हे काम चूल, दिवा व विडी यांपासून दूर, मोकळ्या हवेत करावे.

काचकागद मात्र हाती धरू नये. लाकूड धातूच्या कडेशी नेमके, किंबहुना किंचित उंच बसविलेले असते. घासल्यास लाकूड खाली जाते, धातूची कड वर दिसू लागते व ते अंतर पुन्हा भरून येत नाही. शिवाय लष्करी दस्त्यांवर तपासनिसांच्या मोहोरा असतात. घरच्या बंदुकीवर आजोबांनी कोरलेली अक्षरे असतील. ती खूण एका दुपारच्या घासण्याने नाहीशी होते. ठोक लागून खड्डा पडला असेल तर ओले फडके ठेवून त्यावरून गरम इस्त्री क्षणभर फिरवावी. दबलेले तंतू फुगून वर येतात. तुटलेले तंतू मात्र अशाने भरत नाहीत. मोहोरेवर वाफ देऊ नये, कारण तीही दाबूनच उठविलेली असते.

लाकूड स्वच्छ व कोरडे झाल्यावर तेलाचे चार-सहा थेंब तळहातावर घेऊन, हात गरम होईपर्यंत चोळावे. पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेले सर्व तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे व पुरते सुकल्यावरच दुसरा हात द्यावा. जाड थर दिल्यास वरची साय धरते, खाली तेल ओले राहते व दस्ता महिनोन् महिने चिकटतो. दमट हवेत तेल उशिरा सुकते, म्हणून हे काम पावसाळ्यात न करता दिवाळीनंतर करावे. पाच-सहा हातांत मंद, खोल चमक येते. पुढे वर्षातून एकदा पातळ हात दिला तरी पुरे.

जवसाचे तेल चापाच्या किंवा घोड्याच्या यंत्रात जाऊ देऊ नये. तेथे ते घट्ट होऊन यंत्र अडकते. धातूस बंदुकीचेच खनिज तेल द्यावे, पण तेही बेताने. कारण जादा तेल उभ्या बंदुकीतून खाली झिरपून दस्त्याचे तोंड काळे व मऊ करते. मुठीजवळच्या बारीक भागात चीर आढळल्यास बंदूक उडवू नये व चिरेत तेलही घालू नये. तेल मुरलेल्या लाकडास सरस धरत नाही. ती परवानाधारक कारागिराकडे न्यावी. दस्ता स्वतः सुटा करण्याचाही मोह टाळावा. ली-एनफिल्डचे पुढचे लाकूड उतरविण्याआधी मागच्या दस्त्याचा बोल्ट फिरविला तर पुढचे लाकूड चिरते. प्रत्येक बंदुकीचा असा काही क्रम असतो.

सर्वांत मोठा धोका बंदुकीत नसून वापरलेल्या चिंध्यांत आहे. सुकताना जवसाच्या तेलातून उष्णता निघते. चिंध्यांचा बोळा करून टाकल्यास ती आतच साठते व ठिणगीवाचून आग लागते. ओल्या गवताची गंजी आतून तापते हे आपण जाणतोच. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी २३ फेब्रुवारी १९९१ रोजी एका ३८ मजली इमारतीस अशाच चिंध्यांमुळे आग लागून आग विझविणारे तीन जवान प्राणास मुकले. आपल्या घरी तर कडबा, कापूस व बारदान जवळच असते. चिंध्या उघड्यावर, एकेक पसरून पूर्ण सुकवाव्या किंवा झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवाव्या.

शेवटी कागदांविषयी. परवानाधारक मयत झाल्यावर, वारसाच्या नावे परवाना होईपर्यंत बंदूक घरी ठेवता येत नाही. ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. तेथे ती महिनोन् महिने पडून राहू शकते, म्हणून देण्यापूर्वी व परत घेताना लाकडाची स्थिती पाहून ठेवावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वारशाची धरून दोनच शस्त्रे ठेवता येतात. तसेच १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ८ व्या कलमान्वये बंदुकीवरील नाव, क्रमांक वा ओळखीची खूण पुसणे हा गुन्हा आहे. परवान्यावरील क्रमांक बंदुकीवरील क्रमांकाशी जुळला तरच कागद उपयोगी पडतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी दोन्ही समोर ठेवून ताडून पाहावे, आणि सुताराच्या हाती ती बंदूक कधीही देऊ नये.