सावली येण्याआधीचं गणित

दिल्लीत रिक्षावाल्याला ‘जंतरमंतर’ म्हटलं की तो आधी विचारतो, आज कसलं धरणं आहे? फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी आणि माझा भाचा तिथे गेलो ते मात्र सूर्य बघायला. भाचा नॉयडात प्रोग्रॅमर आहे. इतकी वर्षं दिल्लीच्या शेजारी राहून त्यानं जंतरमंतर फक्त बातम्यांत पाहिलं होतं.

आत शिरलं की नजर जाते ती सम्राट यंत्राकडे. विटा-चुन्याची, लाल रंगाची, सुमारे 70 फूट उंचीची तिरकी भिंत, आणि तिच्या दोन्ही अंगांना पंख पसरावेत तशा दोन कमानी. भिंतीची सावली सकाळी पश्चिमेच्या कमानीवर पडते आणि हळूहळू खाली सरकत दुपारी भिंतीच्या पायथ्याशी येते. मग ती पूर्वेच्या कमानीवर चढू लागते. कमानीची त्रिज्या 15 मीटरच्या घरात, त्यामुळे सावली तासाला जवळपास 4 मीटर चालते. मिनिटाला साडेसहा सेंटिमीटर. उभं राहून बघितलं तर ती सरकताना डोळ्यांना दिसते.

मोबाइलवर बारा वाजले. सावलीला पायथा गाठायला अजून सव्वादोन मीटर तरी बाकी होते.

“मामा, यंत्र बिघडलंय,” भाचा म्हणाला.

यंत्र बिघडलेलं नव्हतं. आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशावरची वेळ दाखवतं आणि दिल्ली आहे 77 अंशांच्या थोडी पुढे. हा फरक 21 मिनिटांचा. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळ आणि तिचा अक्ष कललेला, म्हणून सूर्य वर्षभर घड्याळाच्या कधी पुढे तर कधी मागे असतो. फेब्रुवारीच्या मध्यावर तो 14 मिनिटं मागे असतो. 21 आणि 14 मिळून 35. बारा पस्तीसला सावली बरोबर पायथ्याशी आली.

भाचा बराच वेळ भिंतीच्या उताराकडे बघत होता. हा उतार जमिनीशी किती अंशाचा, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, दिल्लीच्या अक्षांशाइतका, साडेअठ्ठावीसहून किंचित जास्त. त्यामुळे भिंतीची वरची कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहते, आणि म्हणूनच कमानीवर तासांच्या खुणा समान अंतरावर मारता येतात.

“म्हणजे अक्षांश कंपाइल टाइमलाच बसवलाय,” तो म्हणाला. “सूर्य तेवढा रनटाइमला येतो.”

हा लेख त्या एका वाक्यातून निघाला.

प्रोग्रॅमर जे लिहितो ते यंत्राला जसंच्या तसं कळत नाही. कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्रॅम त्याचं यंत्राच्या आज्ञांमध्ये रूपांतर करतो. हे काम एकदाच होतं. तयार झालेला प्रोग्रॅम मग हजारो लोकांच्या फोनवर लाखो वेळा चालतो. पहिल्या टप्प्याला कंपाइल टाइम म्हणतात, दुसऱ्याला रनटाइम. प्रश्न एवढाच, की एखादी आकडेमोड यांपैकी कधी करायची? घरात हा प्रश्न रोजचाच आहे. भाजणी आधी दळून ठेवतात. थालीपीठ पाहुणा आल्यावर थापतात, कारण त्याला तिखट किती चालतं ते तेव्हाच कळतं.

सगळ्यात साधं उदाहरण घ्या. प्रोग्रॅममध्ये दिवसाचे सेकंद हवेत म्हणून कुणी 24 गुणिले 60 गुणिले 60 असं लिहिलं. चांगला कंपायलर हा गुणाकार स्वतःच उरकतो आणि तिथे 86,400 लिहून मोकळा होतो. वाचणाऱ्या माणसाला 24 आणि 60 दिसत राहतात, यंत्राला फक्त उत्तर मिळतं. ही युक्ती फार जुनी आहे. नवीन काय, तर गेल्या काही दशकांत प्रोग्रॅमर कंपायलरकडून केवळ गुणाकार नव्हे, अख्खे प्रोग्रॅम आधी चालवून घेऊ लागले.

त्याची सुरुवात थोडी गमतीची झाली. सी++ या भाषेत ‘टेम्पलेट’ नावाची सोय आहे. एकच कोड वेगवेगळ्या प्रकारच्या माहितीसाठी वापरता यावा, एवढाच तिचा हेतू. 1994 मध्ये एर्विन उनरू यांनी या भाषेच्या मानक समितीच्या बैठकीत एक प्रोग्रॅम दाखवला. तो कंपाइलच होत नव्हता. पण कंपायलर ज्या चुका दाखवत होता, त्या चुकांच्या संदेशांमध्ये एकेक मूळ संख्या छापून येत होती: 2, 3, 5, 7... प्रोग्रॅम एकदाही न चालता उत्तर आलं होतं. कंपायलर स्वतःच गणकयंत्र होऊन बसला होता आणि भाषा तयार करणाऱ्यांनी ते तसं ठरवलेलं नव्हतं.

ही चोरवाट पुढे राजमार्ग झाली. 2011 च्या सी++ मानकात ‘कॉन्स्टएक्स्पर’ हा शब्द आला. त्याचा अर्थ साधारण असा, की हे गणित आधी करता येण्याजोगं आहे, जमेल तिथे आधी कर. 2020 च्या मानकात ‘कॉन्स्टइव्हॅल’ आला. तो मुलाहिजा ठेवत नाही: आधीच कर, नाहीतर एरर दे. झिग या भाषेत ‘कॉम्पटाइम’ हा शब्द लिहिला की नेहमीचाच कोड कंपायलर आपल्या हातानं चालवतो, त्यासाठी वेगळी भाषा शिकावी लागत नाही. मला ही पद्धत जास्त आवडते. सी++ मधली जुनी टेम्पलेटं वाचणं म्हणजे मोडी वाचण्यापैकी आहे.

सगळंच आधी का करून ठेवू नये? एक तर वापरणारा काय टाइप करणार, आज तारीख काय, खात्यात पैसे किती, हे कंपायलरला कळायला मार्ग नाही. दुसरं असं, की आधी चालवायला दिलेला प्रोग्रॅम कधी संपेल की नाही हे सर्वसाधारणपणे आधी ओळखताच येत नाही. ॲलन ट्युरिंग यांनी 1936 मध्येच ते दाखवून दिलं. म्हणून कंपायलर पायऱ्यांची मर्यादा घालून घेतात. इतक्या पायऱ्यांत उत्तर आलं नाही, तर काम सोडून देतात.

जंतरमंतरवर भाच्याला मी जी गोष्ट सांगितली ती मात्र याहून जुनी आणि आपल्या कोकणातली आहे. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ. त्यांनी 1520 मध्ये, म्हणजे शके 1442 मध्ये, ‘ग्रहलाघव’ लिहिला. त्याआधी सिद्धांतग्रंथांच्या रीतीनं ग्रह काढायचा तर कलियुगाच्या किंवा त्याहून मागच्या आरंभापासून आजवर किती दिवस लोटले ते मोजायचं. नुसतं कलियुग धरलं तरी ही संख्या सोळा लाखांच्या वर जाते. मग तिला मोठमोठ्या संख्यांनी गुणायचं, भागायचं, पुढे ज्या काढायच्या, ज्यांना आपण शाळेत साइन म्हणतो. हे सगळं पाटीवर, दर वेळी.

गणेश दैवज्ञांनी काळाचे 4016 दिवसांचे तुकडे पाडले, सुमारे अकरा वर्षांचा एक. त्याला ते चक्र म्हणतात. प्रत्येक ग्रहासाठी आरंभाच्या दिवसाची जागा त्यांनी आधीच काढून दिली, तिला नाव क्षेपक. एका चक्रात पडणारा फरकही काढून दिला, तो ध्रुव. पंचांग करणाऱ्यानं चक्रं मोजून ध्रुवाचा हिशेब क्षेपकाशी जुळवायचा आणि चक्रातल्या उरलेल्या दिवसांचं गणित करायचं. दिवसांची संख्या कधीच 4016 च्या वर जात नाही. ज्या तर त्यांनी पुस्तकातून हद्दपारच केल्या, त्यांच्या जागी साध्या गुणाकार-भागाकाराची सूत्रं दिली. पुढे ‘तिथिचिंतामणी’त त्यांनी तिथी, नक्षत्र आणि योगांची कोष्टकंच तयार करून दिली.

भाचा म्हणाला, “ध्रुव म्हणजे कॉन्स्टंट की!” शब्दशः तसंच. अवघड गणित एका माणसानं नांदगावात एकदा केलं आणि महाराष्ट्रातल्या गावोगावच्या जोशीबुवांनी ते पुढची कित्येक शतकं नुसतं चालवलं. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या 1896 च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त या ग्रंथांची ओळख करून दिलेली आहे. जुनं ज्योतिष म्हणजे निव्वळ श्रद्धेचा मामला असं वाटणाऱ्यानं ती जरूर वाचावी.

पण एकदा गोठवलेला आकडा पुढे स्वतःहून सुधारत नाही. ध्रुवात राहिलेली बारीक चूक प्रत्येक चक्रात साचत जाते. एकोणिसाव्या शतकापर्यंत पंचांगातला ग्रह आणि आकाशातला ग्रह यांत फरक दिसू लागला होता. मग केरो लक्ष्मण छत्र्यांनी युरोपातल्या वेधांच्या आधारे नवी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ केली. प्रोग्रॅमरच्या भाषेत सांगायचं तर नवे आकडे घालून सगळं पुन्हा कंपाइल केलं. जुन्याच आवृत्तीवर राहणारे त्या काळीही होतेच, आणि त्यावरून झालेले वाद प्रसिद्ध आहेत.

सवाई जयसिंग या राजानं जंतरमंतर ही दिल्लीची वेधशाळा उभारली तीही याच दुखण्यापायी. प्रचलित कोष्टकं प्रत्यक्ष वेधांशी जुळत नाहीत, ही तक्रार त्याच्या ‘झीज-ए-मुहम्मदशाही’च्या प्रस्तावनेत आहे. दिल्लीनंतर त्यानं जयपूर, उज्जैन, वाराणसी आणि मथुरा इथेही वेधशाळा बांधल्या. दिल्लीचं सम्राट यंत्र उचलून उज्जैनला नेलं तर ते चुकीची वेळ दाखवेल. उज्जैनचा अक्षांश 23 अंशांच्या आसपास, तेव्हा तिथली भिंत त्या उतारानं वेगळी बांधावी लागते. रचना तीच, फक्त प्रत्येक गावासाठी निराळी घडवायची. भाचा नॉयडात बसून लॅपटॉपवर फोनसाठी प्रोग्रॅम तयार करतो तेव्हा नेमकं हेच करतो. कंपायलर चालतो लॅपटॉपवर, पण आकडे धरायचे ते फोनच्या प्रोसेसरचे.

आधी केलेल्या गणितात चूक राहिली तर ती किती महागात पडते, याचा आधुनिक दाखलाही 1994 मधलाच आहे. इंटेलच्या पेंटियम चिपमध्ये भागाकार झटपट व्हावा म्हणून एक कोष्टक सिलिकॉनमध्येच कोरलेलं होतं. त्यातल्या काही नोंदी रिकाम्या राहिल्या. 4195835 ला 3145727 नं भागलं की 1.33382 यायला हवं, चिप 1.33374 सांगायची. अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना मूळ संख्यांवर काम करताना हे आढळलं. कोरलेलं कोष्टक खोडून दुरुस्त करता येत नाही. चिपा बदलून द्याव्या लागल्या आणि कंपनीला 47.5 कोटी डॉलरचा फटका बसला.

भाच्याच्या ऑफिसातली गोष्ट याच जातीची, फक्त लहान. दुकानदारांसाठीच्या बिलिंग प्रोग्रॅममध्ये कुणीतरी जीएसटीचा 12 टक्के हा दर कॉन्स्टंट म्हणून ठेवून दिला होता. 22 सप्टेंबर 2025 पासून तो टप्पाच गेला, बहुतेक वस्तू 5 किंवा 18 टक्क्यांत गेल्या. दर बाहेरच्या फाइलमध्ये असता तर एक ओळ बदलून भागलं असतं. तसं नव्हतं, म्हणून नवी आवृत्ती बांधून प्रत्येक दुकानाच्या मशीनवर पोचवावी लागली. दोन रात्री तो घरी आला नाही. दिल्लीचा अक्षांश कॉन्स्टंट धरायला हरकत नाही. सरकारी कराचा दर कॉन्स्टंट धरणाऱ्याला मी तरी कामावर ठेवणार नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो. तेव्हा सूर्य घड्याळाच्या 16 मिनिटं पुढे असतो, म्हणजे सावली 12 वाजून 5 मिनिटांनीच पायथ्याशी यायला हवी. भाच्यानं मेट्रोतच तसा हिशेब करून ठेवला होता. पण आदल्या दिवसापासून धुरकं उतरलेलं. सूर्य ताटलीसारखा फिकट दिसत होता, नुसत्या डोळ्यांनी बघता येईल इतका. बाराला पाच मिनिटं कमी असताना आम्ही पश्चिमेच्या कमानीजवळ उभे राहिलो. भिंत आपल्या उतारावर होती, खुणा आपल्या जागी होत्या. भाच्यानं एका तळहातावर दुसरा हात आडवा धरून पाहिला. बोटांची सावली पडलीच नाही.