नोंद नाही

रेकॉर्ड रूममध्ये काम करायचं तर आधी तिथल्या मामांची मर्जी सांभाळावी लागते. कुठल्या वर्षाचा गठ्ठा कुठल्या रॅकवर, हे फक्त त्यांना ठाऊक. थीसिससाठी विंचूदंशाचे केसपेपर काढायला आलेल्या रेसिडेंट मुलीच्या मदतीला मी बसलो होतो. ती वाचायची, मी प्रोफॉर्मा भरायचो. वय, गाव, विंचू चावला किती वाजता, दवाखान्यात आणलं किती वाजता, उलटी, घाम, हातपाय गार.

वर्णनात्मक अभ्यासात औषध देऊन बघायचं नसतं, दोन गट करून तुलनाही नसते. कोणाला, कुठे, कधी, काय झालं, एवढंच नीट मांडायचं. ऐकायला सोपं, पण पहिल्याच गठ्ठ्यात अडलं. घामाविषयी केसपेपरात अक्षरही नाही. घाम नव्हता, की रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या डॉक्टरला लिहायला सवड नव्हती? कोऱ्या जागेला ‘नाही’ धरलं की टक्केवारी आपोआप उतरते. म्हणून ‘आहे’, ‘नाही’ आणि ‘नोंद नाही’ असे तीन रकाने केले. तिसराच भराभर भरत गेला. शिवाय विंचू कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेला हवा, अशी अट होती. त्यात अंधारात चावलेले बरेच जण गळले.

डॉ. हिंमतराव बावस्करांचं मोठेपण अशा वेळी कळतं. रायगडमधल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात ते पेशंटच्या उशाशी बसून स्वतः नोंदी करत. लाल विंचू चावला की उलट्या, दरदरून घाम, पुरुषांत लिंगाला ताठरता, गार पडलेले हातपाय आणि पुढे काहींच्या फुप्फुसांत पाणी. ही लक्षणं त्यांनी १९८२मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी वापरून पाहण्याचा विचार पुढे आला तो याच निरीक्षणांच्या आधारावर.

तरी दवाखान्यात दिसतो तो दवाखान्यापर्यंत पोचलेलाच. घरीच बरा झालेला, वाटेत गेलेला कुठल्याच गठ्ठ्यात नसतो. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग दवाखान्यात वाट बघत बसले नाहीत, दोन गावांतल्या बायकांपर्यंत गेले. ६५० स्त्रियांची तपासणी झाली. ९२ टक्क्यांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. हे १९८९मध्ये छापून आलं. नुसती मोजणीच, पण भागिले कोण हे पक्कं ठाऊक असलेली. माझ्या मते या प्रकारच्या अभ्यासात निम्मी मेहनत तिथेच खर्ची पडावी.

मुलीच्या मसुद्यात शेवटी एक वाक्य होतं: आधी मांत्रिकाकडे नेल्यामुळे पेशंट गंभीर होतात. गाईड सरांनी त्यावर काट मारली. “डोंगरावरची माणसं आधी मांत्रिकाकडेच जाणार. मग उशीर मांत्रिकानं केला की रस्त्यानं? तुझ्या तक्त्यावरून सांगता येईल?” तक्ता राहिला, वाक्य गेलं. ती खट्टू झाली. वर्तमानपत्रानं उचललं असतं ते तेवढंच वाक्य.