पणजोबा कोणत्या गावचे? हेमलकसा परिसरातील वंशावळींचा शोध
विशेष प्रतिनिधी

शहरातील माणसाला पणजोबांचे नाव ठाऊक नसले तरी त्याचे फारसे काही बिघडत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यात मात्र या एका नावावर शेताचा पट्टा, मुलीचा वैद्यकीय प्रवेश आणि गावाचा जंगलावरील हक्क अवलंबून असू शकतो. आपले पूर्वज या गावात केव्हा आले, ते कोणत्या कुळाचे होते आणि सरकारदरबारी त्यांची नोंद कोठे झाली, या प्रश्नांची उत्तरे येथील कुटुंबांना कागदोपत्री द्यावी लागतात. ब्रिटिश अमदानीतील वस्तीदारांचा हा शोध त्यामुळे हौशी इतिहाससंशोधनापुरता उरलेला नाही.

दोन तारखांचा प्रश्न

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम २००६ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले. या कायद्याने वननिवासींचे दोन गट मानले. अनुसूचित जमातीच्या कुटुंबाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमिनीवर ताबा असल्याचे दाखवणे पुरेसे आहे. जमातीच्या यादीत नसलेल्या कुटुंबाला मात्र त्या तारखेपूर्वी किमान तीन पिढ्या तो वनात राहत होता, हे सिद्ध करावे लागते. कायद्याने एक पिढी २५ वर्षांची धरली आहे. म्हणजे पुरावा १९३०च्या डिसेंबरपर्यंत मागे न्यावा लागतो. मासेमारी करणारे ढिवर, गुरे राखणारे गोवारी, कलार, लोहार अशी अनेक कुटुंबे या दुसऱ्या गटात मोडतात. ती गोंड शेजाऱ्यांइतकीच जुनी असली तरी कागदाची अट त्यांना अधिक जाचते.

आदिवासी कुटुंबाचीही कागदातून सुटका नाही. त्याला जमातीचा दाखला व पुढे त्याची वैधता सिद्ध करावी लागते आणि तेथे ६ सप्टेंबर १९५० ही तारीख आडवी येते. कुमारी माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये जात पडताळणीसाठी समित्या नेमण्याची पद्धत घालून दिली. वडिलांकडील पूर्वजांच्या स्वातंत्र्यपूर्व नोंदींना या पडताळणीत विशेष वजन असते. चालीरीती व बोलीवरून जमात ओळखण्याची आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी नव्हे, असे न्यायालयाने २०११ मध्ये व पुन्हा २०२३ मध्ये सांगितल्यानंतर जुन्या कागदाचे मोल आणखी वाढले.

कचेरी बदलत गेली

तो कागद शोधायचा कोठे, हे कळण्यासाठी या मुलखाचा राज्यकारभार समजून घ्यावा लागतो. १८५४ मध्ये नागपूरचे भोसले राज्य खालसा झाले आणि चांद्याचा मुलूख इंग्रजांकडे गेला. १८५८ मध्ये बाबूराव शेडमाके यांना चांद्यात फाशी देऊन इंग्रजांनी येथील उठाव मोडला. १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली. मेजर लुसी स्मिथ या अधिकाऱ्याने चांदा जिल्ह्याच्या जमीन महसुलाचा बंदोबस्त केला व त्याचा अहवाल १८६९ मध्ये लिहिला. या भागातील गावांच्या इंग्रजी दप्तराची पायाभरणी तेथून होते.

दक्षिणेकडील सिरोंचाचा प्रवास वेगळा आहे. १८६० मध्ये हा भाग निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि अप्पर गोदावरी या स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे तेथे झाले. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडला. सिरोंचा चांद्याला जोडले गेले, तर भद्राचलम व रेकापल्ली मद्रास इलाख्यात गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी अंबागड चौकी, पानाबारस, कोराचा, औंधी या जमीनदाऱ्या चांद्यातून काढून दुर्ग जिल्ह्याला देण्यात आल्या. त्यांचा प्रदेश आज छत्तीसगडमध्ये आहे. पुढे १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला.

गाव जागच्या जागी राहिले, पण त्याची कचेरी बदलत गेली. परिणामी एकाच कुटुंबाचे कागद अहेरी, सिरोंचा, चंद्रपूर, नागपूर अशा अनेक ठिकाणी विखुरलेले असू शकतात. सीमेपलीकडे सोयरीक असलेल्या कुटुंबाला तर दुसऱ्या राज्याच्या दप्तरातही शोध घ्यावा लागतो.

मिसलीत काय सापडते?

सखल, भातशेतीच्या भागात मालगुजारी पद्धत होती. तेथे बंदोबस्ताच्या वेळी प्रत्येक गावाची मिसल तयार झाली. शेताचे गट, कुळांची नावे, लागवड यांची माहिती तीत मिळते. सोबतच्या ‘वाजिब-उल-अर्ज’ या कागदात गावाचे रीतिरिवाज लिहिलेले असतात. सरपण, बांबू, चराई, तळ्याचे पाणी यांवर कोणाचा काय हक्क, हे त्यात आढळते. जमीनदारी व मालगुजारी रद्द करणारा मध्य प्रदेशचा कायदा १९५० मध्ये झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून या जमिनी सरकारकडे आल्या. त्यानंतर लोकांचे वनोपजाचे हक्क निस्तार पत्रकात आले, तर जमीन कसणाऱ्यांची नावे १९५४-५५च्या अधिकार अभिलेखात आली. वैधतेच्या प्रकरणांत विदर्भातील वकील आजही या अधिकार अभिलेखाची नक्कल आधी मागतात.

दुसरा महत्त्वाचा दस्त म्हणजे कोतवाल बुक. गावचा कोतवाल जन्म व मृत्यूची वर्दी ठाण्यावर देत असे. त्या नोंदीत तारखेबरोबर बापाचे नाव, गाव व जात येत असल्याने वंशावळीतील दोन पिढ्या एका ओळीत जुळतात. शाळेचे दाखल-खारीज पुस्तक हा तिसरा आधार.

जनगणनेकडून मात्र फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. जुन्या जनगणनांचे अहवाल गावागणिक किंवा जमातीगणिक डोकी मोजतात, व्यक्तींची नावे देत नाहीत. गावाचे अस्तित्व सिद्ध करायला त्यांचा उपयोग होतो, माणसाचे नाही.

जंगलातील रिकामी पाने

हेमलकसा व भामरागडचा परिसर अहेरी जमीनदारीत होता. चांदा जिल्ह्यातील ही सर्वांत मोठी जमीनदारी. इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतम या नद्यांच्या संगमाभोवतीच्या या अरण्यात माडिया गोंडांची वस्ती आहे. महाराष्ट्रातील ज्या तीन जमाती अतिअसुरक्षित मानल्या जातात, त्यांत कातकरी व कोलाम यांच्यासह माडियांचा समावेश होतो. येथे शेताची मोजणी करणारा अंमलदार क्वचितच पोहोचला. डोंगरउतारावर झाडोरा तोडून, जाळून केली जाणारी फिरती शेती मोजणीच्या साखळीत बसत नव्हती. काही वर्षांनी जमीन विश्रांतीसाठी सोडली जाई. कधी साथीमुळे, कधी अपमृत्यूच्या भीतीने सबंध वस्ती हलत असे. अशा वस्तीचे जुने नाव नकाशावर असले तरी आज तेथे कोणी राहत नाही, आणि जेथे लोक राहतात ते नाव नकाशात नसते.

याउलट त्याच काळात नागपूर-चांद्याकडे आलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचा शोध घेणे आश्चर्य वाटावे इतके सोपे आहे. भारतातील युरोपीय ख्रिस्ती लोकांचे बाप्तिस्मे, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. १९९८ मध्ये स्थापन झालेली ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ ही संस्था अशा नोंदींच्या सूच्या तयार करते. चांद्यात चार पावसाळे काढलेल्या साहेबाचा पणतू घरबसल्या त्याचे नाव शोधू शकतो. त्या साहेबाच्या डाकबंगल्याला लाकूड पुरवणाऱ्या माडियाचा पणतू मात्र तहसीलच्या पायऱ्या झिजवतो. नोंद कोणासाठी ठेवली गेली, यातील हा फरक आहे.

हेमलकशात लोक बिरादरी प्रकल्प बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी सुरू केला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे रुग्णसेवा आरंभली आणि १९७६ मध्ये आश्रमशाळा उघडली. परिसरातील अनेक घरांत शाळेचा उंबरठा ओलांडणारी पहिली पिढी त्यानंतरची आहे. १९५०च्या अटीसाठी हा काळ उशिराचा असला, तरी शाळेत नोंदवलेल्या मुलाच्या बापाचे व गावाचे नाव पुढील शोधाची पहिली पायरी ठरते. येथेही सावध राहावे लागते. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या मुलांच्या नावापुढे शाळांतून सर्रास १ जून किंवा १ जुलै लिहिले गेले. आडनाव व जमातीचे लेखनही एकसारखे नसते. एका भावापुढे ‘गोंड’, दुसऱ्यापुढे ‘माडिया’ आणि चुलत्यापुढे ‘बडा माडिया’ अशी नोंद आढळली, तर घराणे एकच असल्याचे वंशावळीने दाखवावे लागते.

देव, कूळ आणि शिळा

कागद नसले तरी इतिहास नसतो असे नाही. माडियांची वंशपरंपरा कुळांतून जपली जाते. प्रत्येक कूळ ठरावीक संख्येच्या देवांच्या गटात मोडते. एकाच गटातील कुळे परस्परांची भाऊबंद असल्याने त्यांच्यात लग्न होत नाही, सोयरीक दुसऱ्या गटात जुळते. वधू-वर ठरवताना कूळ तपासावेच लागते, त्यामुळे निरक्षर वृद्धालाही दोन्ही बाजूंची नाती तोंडपाठ असतात. गाव प्रथम वसवणाऱ्या कुळाकडे भूमीच्या पूजेचा मान असतो. गावचा भूमिया कोणत्या कुळाचा, या एका प्रश्नाच्या उत्तरात पहिला वस्तीदार दडलेला असतो. मृतांच्या स्मरणार्थ उभ्या केलेल्या शिळा व दफनाच्या जागा त्याच इतिहासाच्या साक्षी आहेत.

वनहक्क नियमांनी या साक्षीला कायद्यात स्थान दिले, ही लक्षणीय बाब होय. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. गॅझेटियर, बंदोबस्त अहवाल, नकाशे, वनखात्याच्या कार्य आयोजना यांच्या जोडीला विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थाने यांसारख्या प्राचीन खुणाही ग्राह्य मानल्या आहेत. जुन्या भूमिअभिलेखात नाव असलेल्या, किंवा पूर्वी गावचा रहिवासी म्हणून मान्य असलेल्या व्यक्तीपर्यंत नेणारी वंशावळ हाही पुरावा आहे. दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही चालते. मात्र यांपैकी एकाहून अधिक पुरावे जोडणे आवश्यक आहे. विशिष्ट एकाच कागदाचा आग्रह धरू नये, असे केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले. जंगल तोडून शेती केल्याबद्दल वनखात्याने कधीकाळी केलेल्या दंडाची पावती घरात असेल, तर तीही जपून ठेवावी. ज्या पावतीने आजोबांना गुन्हेगार ठरवले, तीच नातवासाठी ताब्याचा पुरावा होते.

शोध कसा घ्यावा?

कागदाच्या शोधाला कचेरीतून नव्हे, घरातून आरंभ करणे हिताचे ठरते. सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीकडून कूळ, देवांची संख्या, मूळ गाव, मधली गावे व भावंडांची नावे लिहून घ्यावीत. नावांचे सर्व उच्चार टिपावेत, कारण कारकुनाने कोणता लिहिला असेल, सांगता येत नाही. त्यानंतर शाळेची नोंद, मग अधिकार अभिलेख व कोतवाल बुक, आणि शेवटी बंदोबस्ताची मिसल असे पायरीपायरीने मागे जावे. तहसील व भूमिअभिलेख कार्यालयात नकलेसाठी अर्ज करता येतो. तेथे दाद न मिळाल्यास २००५च्या माहितीच्या अधिकाराचा आधार आहे. वडिलांकडील एखाद्या रक्ताच्या नातेवाइकाला वैधता प्रमाणपत्र मिळाले असेल, तर त्याच्याशी नाते जोडणारी वंशावळ मोलाची ठरते.

या वंशावळींत एक उणीव हमखास राहते. त्या बापाकडून मुलाकडे उतरतात आणि स्त्रियांची नावे गळतात. वनहक्काचा पट्टा मात्र विवाहितांच्या बाबतीत पती-पत्नी दोघांच्या नावे देण्याची कायद्यातच तरतूद आहे. आजीचे नाव व माहेर लिहून ठेवणे म्हणूनच अगत्याचे आहे. शिवाय सोयरीक कोणत्या कुळाशी झाली हे कळले, की पुरुषाचे कूळही आपोआप पडताळता येते.

वेळ थोडा

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक. जुन्या निस्तार हक्कांची जाण आणि एकदिलाची ग्रामसभा हे त्या गावाचे बळ होते. सर्वांच्याच वाट्याला असे यश आले नाही. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना वनजमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला आणि देशभरातील लाखो कुटुंबांच्या पायाखालची जमीन सरकली. दोनच आठवड्यांनी, २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. तरी अपुऱ्या पुराव्याची किंमत काय असू शकते, हे त्या पंधरवड्याने दाखवून दिले.

मिसली जीर्ण होत आहेत, पण त्यांची छायाचित्रे काढता येतील. माणसांचे तसे नाही. १९५० पूर्वीचे गाव डोळ्यांनी पाहिलेले वृद्ध आता थोडे उरले आहेत. कोणत्या शिळेखाली कोण विसावले आहे, हे सांगणारा माणूस गेला की ती शिळा उरते, पुरावा उरत नाही. ग्रामसभांनी येत्या उन्हाळ्यात, तेंदूपानांच्या हंगामाआधी, गावातील प्रत्येक घराची वंशावळ लिहून ठरावासह दप्तरात ठेवली, तर पुढच्या पिढीचे अनेक हेलपाटे वाचतील.