‘छत्तीसगढ मित्र’ आणि माधवराव सप्रे

छत्तीसगढ राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले आणि २०१२ मध्ये त्याचे मंत्रालय जुन्या रायपुरातून नवा रायपुरातील महानदी भवनात गेले. रुंद रस्त्यांच्या या आखीव राजधानीत परप्रांतांतून आलेले अधिकारी आणि नोकरदार पुष्कळ; त्यांत मराठी मंडळीही आहेत. आपण येथले की उपरे, हा प्रश्न त्यांना अधूनमधून पडतोच. राज्याच्या जन्माआधी शंभर वर्षे एका मराठी माणसाने त्याचे उत्तर आपल्या कृतीने देऊन ठेवले होते. त्यांचे नाव पंडित माधवराव सप्रे.

मराठी माणसाचा या भूमीशी पहिला मोठा संबंध आला तो सत्ताधारी म्हणून. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत रतनपुरावर चालून आले. पुढे बिंबाजी भोसले यांनी १७८७ पर्यंत रतनपुरास राहून कारभार पाहिला. त्यांच्यामागे मात्र नागपूरहून नेमलेल्या सुभेदारांचे राज्य सुरू झाले आणि प्रजेपेक्षा वसुलीकडे लक्ष अधिक राहिले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, त्यासोबत छत्तीसगढही इंग्रजांकडे गेले. सत्ता गेली तरी अनेक मराठी कुटुंबे येथेच राहिली. प्रश्न होता तो आता या मातीशी नाते कोणते जोडायचे, हा.

सप्रे यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला. शिक्षण बिलासपूर व रायपूर येथे आणि पुढे प्रांताबाहेर झाले. त्या काळी पदवीधराला सरकारी नोकरीचे दार सहज उघडत असे. पण सप्रे त्या वाटेला गेले नाहीत. पेंड्रा येथील राजकुमाराचे शिक्षक म्हणून ते राहिले आणि तेथूनच जानेवारी १९०० मध्ये त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर संपादनात सहकारी, तर वामन बळीराम लाखे प्रकाशक. तिघेही मराठी, मासिक मात्र हिंदी! छत्तीसगढ हा तोवर इंग्रजी कारभारातला एक विभाग होता. त्याचे नाव अभिमानाने शीर्षस्थानी घेऊन उभे राहिलेले हे पहिले नियतकालिक होय. ग्रंथसमीक्षेला त्याने शिस्त लावली. सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा १९०१ मध्ये त्यातच आली. हिंदीतील आरंभीच्या कथांत तिची गणना होते. वाचक थोडे, तोटा मोठा, अशा स्थितीत १९०२ च्या अखेरीस मासिक बंद पडले.

यानंतरचा अध्याय अवघड आहे. लोकमान्य टिळकांचा विचार हिंदी वाचकांपर्यंत नेण्यासाठी सप्रे यांनी १९०७ मध्ये नागपुरातून ‘हिंदी केसरी’ हे साप्ताहिक काढले. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि पुढच्याच महिन्यात सप्रेही राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले गेले. थोरल्या बंधूंचा आग्रह आणि कुटुंबाची ओढाताण यांपुढे ते नमले. त्यांनी माफीपत्र दिले आणि सुटका झाली.

या एका सहीवरून त्यांचे मोल ठरवावे काय? चरित्रकार हा प्रसंग ओझरता उरकतात. टीकाकार त्यापाशीच थांबतात. दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. माफीचे समर्थन सप्रे यांनी स्वतःही केले नाही. ते सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले, काही काळ भिक्षेवर राहिले आणि समर्थांच्या दासबोधात बुडाले. त्यातून दासबोधाचा हिंदी अनुवाद सिद्ध झाला. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाले. पाठोपाठ टिळकांच्या हयातीतच ते हिंदीत आले, तेही सप्रे यांच्याच लेखणीतून. ज्यांनी शिक्षा भोगली त्यांचा ग्रंथ, ज्यांनी माफी मागितली त्यांच्या हातून उत्तर हिंदुस्थानात पोहोचला, ही गोष्ट कोणत्याही निवाड्यापेक्षा बोलकी आहे. चिंतामणराव वैद्यांचा महाभारतविषयक ग्रंथही त्यांनी हिंदीत नेला.

पुढे १९२० मध्ये जबलपूरहून निघालेल्या, माखनलाल चतुर्वेदी यांनी संपादिलेल्या ‘कर्मवीर’मागे सप्रे यांची प्रेरणा होती. १९२४ च्या डेहराडून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या मराठीभाषक लेखकाकडे आले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच त्यांचे निधन झाले.

आज रायपुरात त्यांच्या नावाची शाळा आहे. तिच्या मैदानावरून जाणाऱ्यांपैकी किती जणांना हा इतिहास ठाऊक असेल? चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळात गणेशोत्सव साजरा करणे आणि भोवतालच्या समाजाची भाषा आपली मानणे, यांत विरोध नाही. सप्रे यांनी मराठी सोडली नव्हती, तिच्यातले उत्तम ते शेजाऱ्याच्या घरी नेऊन दिले. भोसल्यांच्या सुभेदारांनी या प्रदेशातून किती नेले याचे हिशेब इतिहासाने मांडले आहेत. सप्रे यांनी काय दिले, तेही त्याच वहीत लिहिलेले आहे. बदलीवर आलेल्या आणि कायमच्या वसलेल्या मराठी माणसाने आपली नोंद कोणत्या रकान्यात व्हावी, हे ठरवायचे आहे.