पहिल्या दिवसाची वाट

पन्हाळगडाच्या पश्चिम टोकास पुसाटी बुरूज आहे. जुलै महिन्यातील एखाद्या सकाळी त्या बाजूस गेले, म्हणजे मोठे उत्साहाचे दृश्य दृष्टीस पडते. पाऊस झिमझिमत असतो, दरीतून धुके वर चढत असते आणि पाठीवर पिशव्या बांधलेल्या मुलामुलींच्या तुकड्या एकामागून एक गड उतरत असतात. त्यांत कोणी शाळकरी असतात, कोणी महाविद्यालयात शिकणारे, तर कोणी नोकरीतून दोन दिवसांची सवड काढून आलेले. ही सारी मंडळी पावनखिंडीकडे पायी निघालेली असतात.

ही वाट साधी नव्हे. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला होता. वेढा पडून चार महिने होत आले, तेव्हा आषाढ पौर्णिमेच्या रात्री भर पावसात शिवाजी महाराज निवडक मावळ्यांसह गडाबाहेर पडले आणि विशाळगडाच्या दिशेने निघाले. शिवा काशीद याने महाराजांचा वेष घेऊन शत्रूस चकविले व त्यासाठी प्राण दिले. शत्रू मागावर आहे हे कळताच गजापूरजवळच्या घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे व बांदलांचे मावळे पाय रोवून उभे राहिले. महाराज विशाळगडी पोहोचेपर्यंत त्यांनी शत्रूस पुढे सरकू दिले नाही. तीच घोडखिंड पुढे पावनखिंड या नावाने ओळखली जाऊ लागली.

पन्हाळ्यापासून या खिंडीपर्यंतची पायवाट पन्नास किलोमीटरच्या आसपास भरते. मावळ्यांनी ती एक रात्र आणि दुसरा दिवस एवढ्या अवधीत तुडविली. आजचे पदयात्री तीच वाट दोन किंवा तीन दिवसांत चालतात. पुष्कळांना वाटते, की अशा यात्रेत शेवटचा दिवस सर्वांत कठीण असावा. अनुभवी पदयात्री मात्र पहिल्या दिवसाला अधिक जपतात. कारण पहिल्या दिवशी अंगात बळ असते, मनात हौस असते आणि चुका केल्या तरी त्यांची शिक्षा त्याच दिवशी मिळत नाही. ती दुसऱ्या दिवशी मिळते.

पहिली चूक बहुधा घरीच होते. पिशवी भरताना प्रत्येक वस्तू आवश्यक वाटते. आई एक जादा डबा देते, ताई एक जादा चादर देते आणि पिशवी फुगत जाते. घराच्या दारात ती हलकी वाटते; पण पाच तासांनंतर तिचा प्रत्येक तोळा खांद्याला जाणवू लागतो. वाढत्या वयाच्या मुलांनी आपल्या वजनाच्या आठव्या-दहाव्या हिश्श्याहून अधिक ओझे पाठीवर घेऊ नये, हे उत्तम. मुलाचे वजन ४० किलो असेल, तर त्याची पिशवी चार-पाच किलोंची असावी. जड वस्तू पाठीला लागून ठेवाव्यात. त्या पाठीपासून दूर राहिल्या, तर ओझे मागे ओढते व चालणाऱ्यास सतत पुढे वाकावे लागते. कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेले असावेत. पावसाळ्यात मुक्कामाला कोरडा सदरा मिळणे यासारखे सुख नाही.

गडाचा उतार लागला, की दुसरी चूक वाट पाहत असते. उतारावर दम लागत नाही, म्हणून मुले धावत सुटतात. वस्तुतः उतरताना फुप्फुसांना श्रम कमी पडले, तरी मांड्यांच्या स्नायूंवर मोठा ताण येतो. प्रत्येक पावलागणिक शरीराचा भार थोपवून धरण्याचे काम त्यांना करावे लागते आणि ते करीत असताना ते ताणले जातात. ही दुखापत तेव्हा कळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना मात्र पाय उचलेनासे होतात. म्हणून जाणते वाटाडे उतारावर लहान पावले टाकावयास सांगतात. निसरड्या वाटेवर आधाराला काठी असावी.

उतार संपून म्हाळुंगे गाव मागे पडले, की मसाई पठाराकडे जाणारी चढण लागते. येथे किती वेगाने चालावे? याचे उत्तर घड्याळात नसून श्वासात आहे. चालता चालता शेजाऱ्याशी सहज बोलता येते, तोवर वेग योग्य समजावा. दोन शब्दांनंतर धाप लागू लागली, तर वेग कमी करावा. दिवसभराचा हिशेब करण्यासाठीही एक जुना नियम उपयोगी पडतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली तो सांगितला. आजच्या मापांत तो असा : दर पाच किलोमीटर अंतरास एक तास धरावा आणि दर ६०० मीटर चढणीस आणखी एक तास मिळवावा. म्हणजे वाट २० किलोमीटरांची असेल व त्यात एकूण ६०० मीटर चढ असेल, तर चार अधिक एक असे पाच तास होतात. परंतु हा हिशेब सशक्त माणसाचा व कोरड्या वाटेचा आहे. चिखल, पाऊस, विश्रांती, भोजन आणि लहान मुले ध्यानात घेतली, तर याच वाटेला आठ तास धरणे शहाणपणाचे ठरते. सकाळी सातला निघालेली तुकडी मग उजेडातच मुक्कामाला पोहोचते.

मसाई पठार हे या वाटेवरचे मोठे नवल आहे. खाली सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट खडक आणि त्यावर जांभ्या दगडाचा विस्तीर्ण सपाट थर, अशी त्याची रचना आहे. युगानुयुगे ऊन-पावसाने मूळ खडक झिजला, त्यातील विरघळणारी द्रव्ये वाहून गेली आणि लोह मागे राहिले. त्यामुळे जांभ्याला तांबूस रंग आला. पावसाळ्यात येथे हिरवळ उगवते, खळग्यांतून पाणी साचते आणि मसाई देवीच्या देवळाभोवती ढग उतरतात. नैर्ऋत्येकडून येणारा मोसमी वारा येथे मोकाट सुटतो. पदयात्री पश्चिमेकडे चाललेले असल्यामुळे पाऊस समोरून तोंडावर येतो.

याच पठारावर सावधगिरीची खरी गरज असते. कठीण जांभ्यावर पायवाट नीट उमटत नाही आणि दाट धुक्यात वीस पावलांपलीकडचे काही दिसत नाही. अशा वेळी 'मी पुढे जाऊन वाट पाहून येतो' असे म्हणणारा मित्र पाहता पाहता दिसेनासा होतो. म्हणून वाटेची माहिती असलेला गावकरी बरोबर घ्यावा. दिशा पाहण्यास होकायंत्र असावे. प्रत्येकाने आपल्या मागच्या गड्याकडे लक्ष ठेवावे. तो दिसेनासा झाला, की थांबावे. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात असावी. एका मिनिटात सहा वेळा शिट्टी वाजवावी, मग एक मिनिट थांबून पुन्हा तसेच करावे, ही डोंगरात मदत मागण्याची सर्वमान्य खूण आहे. चुकलेल्याने इकडे-तिकडे न भटकता एका जागी थांबून ही खूण करीत राहावे.

पठारावर चालणाऱ्या तुकडीचे निरीक्षण केले, तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. दणकट मुले पुढे निघून जातात आणि एक-दोघे मागे पडतात. पुढचे एखाद्या खडकावर बसून दहा मिनिटे विसावा घेतात. मागचा मित्र धापा टाकीत तेथे येतो, त्याच क्षणी पुढचे उठतात व म्हणतात, "चला, झाली विश्रांती!" म्हणजे ज्याला विसाव्याची गरज नव्हती, त्याला तो मिळाला; आणि ज्याला गरज होती, त्याला तो मिळालाच नाही. दिवसभर असे घडले, तर तो मित्र संध्याकाळी पार थकून जातो. यावर उपाय अगदी सोपा आहे. सर्वांत सावकाश चालणाऱ्यास पुढून दुसरे स्थान द्यावे. वाट दाखविणारा त्याच्या पुढे आणि सर्वांत दणकट गडी सर्वांच्या शेवटी. मग तुकडीचा वेग आपोआप सावकाश चालणाऱ्याचा वेग होतो. पोहोचण्यास अर्धा तास अधिक लागेल; पण सारे एकत्र पोहोचतील.

मागे पडणारा मित्र नेहमी अशक्तच असतो, असे मात्र नाही. पुष्कळदा त्याच्या टाचेला बूट चावलेला असतो. ओली त्वचा मऊ होते. ती बुटाशी व मोज्याशी घासत राहिली, की तिचा वरचा थर आतल्या थरापासून सुटतो आणि मध्ये पाणी साचून फोड येतो. फोड येण्यापूर्वी ती जागा लाल होते व चटका बसल्यासारखी लागते. त्याच वेळी थांबून पाय पुसला, कोरडा केला, त्यावर चिकटपट्टी लावली व मोजा बदलला, तर पाच मिनिटांत काम भागते. पुढे जाऊन फोड आलाच, तर तो फोडू नये. वरची त्वचा आतल्या जखमेचे जंतूंपासून रक्षण करीत असते.

परंतु ही पाच मिनिटे मागावयाची कोणी? टाच जळत असलेल्या मुलास वाटते, आपल्यामुळे सर्वांचा खोळंबा होईल. कोणी आपल्याला नाजूक म्हणेल. तो गप्प राहतो आणि लंगडणे लपवितो. संध्याकाळपर्यंत टाच सोलून निघते. दुसऱ्या दिवशी त्याला चालवत नाही आणि मग एकट्याचा नव्हे, साऱ्या तुकडीचा मार्ग खुंटतो. म्हणून 'थांबा, माझा पाय दुखतो' असे वेळीच सांगणे हा भित्रेपणा नव्हे. ते आपल्या सोबत्यांविषयीचे कर्तव्य आहे. आणि असे सांगणाऱ्यास कोणी हसणार नाही, याची काळजी घेणे हे सोबत्यांचे कर्तव्य आहे.

खाण्यापिण्यातही असेच भान हवे. पावसात तहान फारशी जाणवत नाही, तरी चढताना घाम येतच असतो. म्हणून थोड्या थोड्या वेळाने घोट घोट पाणी प्यावे. गूळ, शेंगदाणे, चटणी-भाकरी ही शिदोरी उत्तम. एकदम पोटभर जेवण्यापेक्षा दोन-तीन वेळा थोडे थोडे खावे. विसावा दर तासाला घ्यावा, पण तो पाच-दहा मिनिटांहून मोठा नसावा. चालताना शरीर ऊब निर्माण करते; थांबल्यावर ती ऊब कमी होते आणि ओल्या कपड्यांतील पाणी वाफ होताना शरीराची उष्णता ओढून घेते. त्यामुळे फार वेळ बसले, तर हुडहुडी भरते.

वाटेत ओढे लागतात. सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी डोंगरमाथ्यावर मोठी सर आली, की पाहता पाहता चढते. पाणी गढूळ झाले, त्यातून काटक्या-पाने वेगाने वाहू लागली किंवा ते गुडघ्याच्या वर गेले, तर ओढ्यात पाऊल घालू नये. सह्याद्रीतील हे ओढे जसे लवकर भरतात, तसेच पाऊस थांबल्यावर लवकर ओसरतात. तासभर वाट पाहण्यात कमीपणा नाही.

पठार उतरल्यावर कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी अशा लहान लहान वाड्या लागतात. कोणाचा मुक्काम खोतवाडीस पडतो, कोणाचा करपेवाडीस. या दिवसांत शेतांतून भाताच्या रोपांची लावणी चाललेली असते. गुडघाभर चिखलात, डोक्यावर इरले किंवा प्लॅस्टिकचा कागद घेऊन बायामाणसे दिवसभर वाकून काम करीत असतात. त्यांच्या श्रमांपुढे पाहुण्यांचे श्रम थोडेच म्हणावयाचे. तरीही संध्याकाळी तीच माणसे आपल्या घराची पडवी झाडून देतात, चूल पेटवितात आणि गरम भाकरी वाढतात. शेताच्या बांधावरून जपून चालणे, रोपे न तुडविणे, कचरा आपल्या पिशवीतून परत नेणे आणि जेवणाचा योग्य मोबदला देणे, एवढे तरी पाहुण्यांनी करावयास हवे.

मुक्कामाला पोहोचताच अंग टाकून देण्याचा मोह होतो. तो क्षणभर आवरावा. प्रथम पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह कोरडे करावेत. प्रत्येकाने आपली टाच विजेरीच्या उजेडात पाहावी व दुसऱ्यालाही दाखवावी. कोणी पाणी आणावे, कोणी भांडी घासावीत, कोणी ओले कपडे पिळून वाळत घालावेत. कामे अशी वाटली गेली, की अर्ध्या तासात सारे कोरडे होऊन पानावर बसतात.

बाहेर पाऊस कोसळत असतो. दिवसाकाठी चाललेले अंतर फार नसते. पावनखिंड अजून दूरच असते. पण कोणी मागे राहिलेला नसतो, कोणाची टाच सोललेली नसते आणि उद्या पहाटे सारेच उठून चालणार असतात. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी याच वाटेने जे गेले, त्यांच्यातील प्रत्येकाने आपल्यापेक्षा आपल्या सोबत्याच्या पोहोचण्याची चिंता अधिक वाहिली होती. आजच्या पदयात्रीपुढे शत्रू नाही आणि प्राणांचे मोलही द्यावयाचे नाही. त्याने आपल्या शेजारी चालणाऱ्याच्या पावलाकडे लक्ष द्यावे, एवढीच या वाटेची त्याच्याकडे मागणी आहे.