मिगवरचा मळ

प्लास्टिकच्या मिग-२१ वर नारिंगी गंजाचे ओघळ रंगवलेले दिसले, की करणाऱ्याने विमानं पाहिलेली नाहीत, दुसऱ्यांची मॉडेलं तेवढी पाहिली आहेत, हे लगेच कळतं. विमानाचा बहुतेक पत्रा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. तो लाल गंजत नाही. खराब झालाच, तर पांढरट भुकटी धरतो. वेदरिंग, म्हणजे नव्या कोऱ्या मॉडेलवर वापराच्या खुणा आणणं, हे काम ब्रशचं कमी आणि नजरेचं जास्त.

मिग-२१ तसं आपल्याकडचंच. १९६४ साली ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला तो याच विमानासाठी, आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला त्याला निरोप दिला गेला. पण महाड-पोलादपूरच्या माणसाने वापरातलं विमान जवळून पाहायचं कुठे? माझं उत्तर ऐकून लोक हसतात. एसटी स्टँडवर.

जुनी लाल गाडी नीट बघा. दापोडीच्या कार्यशाळेत बांधलेल्या त्या बॉडीवर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे आणि रिव्हेटांच्या ओळी आहेत. रंग आधी उडतो तो दाराच्या कडेला, जिथे रोज शेकडो हात लागतात. मधल्या सपाट पत्र्यावर नाही. रंगाखालून निघतो तो चंदेरी पत्रा. गंज दिसला, तर तो एखाद्या लोखंडी स्क्रूपाशी. आंबेनळी घाट उतरून आलेल्या गाडीचा चिखल चाकामागून मागे उडालेला असतो, आणि सगळ्यात मळकी असते ती गाडीची पाठ, कारण धावत्या गाडीमागे हवा भोवरा धरते आणि धूळ ओढून आणते. तीच गाडी रात्रभर पावसात उभी राहिली, की खिडक्यांखालचे ओघळ सरळ खाली येतात.

म्हणजे उभ्या वाहनाचा डाग खाली जातो, धावत्याचा मागे. विमानाच्या पोटाखालच्या झाकणांतून पाझरलेलं तेल वाऱ्याने शेपटीकडे ओढलं जातं. म्हणून वॉश, म्हणजे खाचांत सोडलेला पातळ रंग, पुसताना कापसाची काडी नाकाकडून शेपटीकडेच फिरवायची. खरं विमान पाहायचंच असेल, तर आमच्या गावांवरून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेला गेलं, की दाबोळीजवळ नौदलाचं हवाई संग्रहालय लागतं. १९९८ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात विमानवाहू नौका विक्रांतवरचं सी हॉक आहे. आकार समजून घ्यायला ते जरूर पाहावं, पण उघड्यावर वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या विमानावर पाऊस वरून खाली लिहितो. ४ डिसेंबर १९७१ ला कॉक्स बाजारवर हल्ला करून परतलेलं सी हॉक दाखवायचं असेल, तर ते ओघळ जसेच्या तसे उचलून चालणार नाहीत.

या छंदात सर्वांत रुळलेलं प्रमाण १:७२. साडेचौदा मीटरचं मिग त्यात वीतभर होतं. आता किटवरची दोन पत्र्यांमधली खाच घ्या. ती ०.२ मिलिमीटर रुंद धरली, तर खऱ्या विमानावर जवळजवळ साडेचौदा मिलिमीटरची फट झाली. त्यात बोट शिरेल! एवढी फट खऱ्या विमानावर नसते. एसटीचे रिव्हेट डोकं वर काढून असतात, लढाऊ विमानाचे पत्र्याच्या पातळीत बसवलेले; चार पावलांवरून ते दिसतही नाहीत. म्हणून खाचेत काळाकुट्ट रंग भरणं मला पटत नाही. कॅम्लिनच्या तैलरंगातला बर्न्ट अंबर आणि थोडा काळा टर्पेंटाइनमध्ये पातळ करून घ्यावा, तोही पत्र्यांची बाह्यरेषा उमटेल इतकाच. खाली अ‍ॅक्रिलिक रंग आणि त्यावर ग्लॉस वार्निश पूर्ण वाळलेलं हवं, नाहीतर वॉश पसरतो आणि सुकताना कडेला रेघ धरतो. सावित्रीचा पूर ओसरल्यावर भिंतीवर गाळाची रेघ राहते, तशी.

रंग उडालेला दाखवायला खरं निमित्त हवं, तर ते १९७१ च्या युद्धात आहे. मिग-२१ एफएल मुळात चंदेरी, बिनरंगाचं विमान. युद्धाच्या तोंडावर त्यांतल्या अनेकांवर घाईने हिरवे पट्टे मारले गेले, आणि घाईचा रंग टिकत नाही. मॉडेलवर आधी चंदेरी रंग द्यायचा, वर हेअरस्प्रे, मग हिरवा अ‍ॅक्रिलिक. तो सुकला की कडा पाण्याने ओलावून ताठ ब्रशने टोचायचं. खालचा हेअरस्प्रे विरघळतो आणि हिरवा रंग कपच्यांनी सुटतो. पंखाच्या मुळाशी, वारंवार उघडणाऱ्या झाकणांच्या कडांना एवढं केलं की पुरे. शेपटीला इंजिनाच्या तोंडाभोवतीचा पत्रा मात्र उष्णतेने तपकिरी-निळसर करावा. जास्त करण्याचा मोह फार होतो. पण हवाई दलात विमानं धुतात, पुसतात. कचराकुंडीतून काढल्यासारखं लढाऊ विमान कुणी उडवत नाही.

आमच्याकडची खरी अडचण हवेची. जून ते सप्टेंबर लॅकर वार्निश मारू नये. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर धरतं आणि गडद रंगावर दुधी झाक येते. एअरब्रशच्या नळीतही पाणी साठतं, तेव्हा कॉम्प्रेसरला पाणी अडवणारी बाटली लावावीच. पावसाळ्यात जोडकाम, पुट्टी, घासकाम उरकावं. शेवटचं मॅट वार्निश ऑक्टोबरच्या उन्हात.

एक विनंती. एसटीत आता पोलादी बांधणीच्या गाड्या आल्या आहेत. अ‍ॅल्युमिनियमच्या जुन्या गाड्या मोडीत निघताहेत. महाड किंवा पोलादपूर स्टँडवर अशी गाडी दिसली, तर तिच्या दाराच्या कडेचे आणि पाठीचे जवळून फोटो काढून ठेवा, धुण्याआधी.